अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात उमेदवाराने किती खर्च करावा याला मर्यादा आहे (२०२२ पासून लोकसभेसाठी महाराष्ट्रात ९५ लाख, गोव्यात ७५ लाख रुपये), पण एखाद्या व्यक्तीने पक्षाला किती देणगी द्यावी याला नाही. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथे उमेदवाराला देण्यावर मर्यादा आहे, खर्चावर नाही. खालचे बहुतेक प्रश्न या एका फरकातूनच निघतात.

देणगीच्या काही मर्यादा दर विषम वर्षी महागाईप्रमाणे वाढतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे २०२३-२४ चे आकडे धरावेत, कारण २०२४ ची निवडणूक त्याच आकड्यांवर लढली गेली.

एक माणूस उमेदवाराला जास्तीत जास्त किती देऊ शकतो?

दर निवडणुकीला ३,३०० डॉलर. पक्षांतर्गत प्राथमिक फेरी आणि नोव्हेंबरची मुख्य निवडणूक या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या निवडणुका आहेत, म्हणून एकूण ६,६००. (२०२५-२६ साठी हा आकडा दर निवडणुकीला ३,५०० आहे.) नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी मोजतात, घरात एकच कमावतं असलं तरी दोघं मिळून १३,२०० देऊ शकतात. रोख १०० डॉलरच्या वर चालत नाही, निनावी ५० च्या वर चालत नाही. एकूण देणगी २०० डॉलरच्या पुढे गेली की देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो हे सगळं सार्वजनिक नोंदीत जातं.

इथे एक घोळ नेहमी होतो. उमेदवार मुख्य निवडणुकीसाठीचे ३,३०० आधीच घेऊन ठेवतो आणि प्राथमिक फेरीतच बाद होतो. मुख्य निवडणुकीसाठी घेतलेली ती रक्कम त्याला खर्च करता येत नाही. ६० दिवसांत परत करावी लागते किंवा देणाऱ्याच्या संमतीने दुसरीकडे वळवावी लागते.

मग एकेका माणसाच्या लाखो डॉलरच्या चेकच्या बातम्या येतात, त्या कशा?

त्याचं पहिलं उत्तर म्हणजे संयुक्त निधी समिती. उमेदवार, राष्ट्रीय पक्ष आणि राज्याराज्यांतले पक्ष एकत्र येऊन एकच झोळी पसरतात. दाता एकच चेक लिहितो आणि समिती तो प्रत्येकाच्या मर्यादेप्रमाणे वाटून देते. २०२४ साठी बायडन यांच्या समितीचा हिशेब मांडून पाहू:

उमेदवाराला ६,६००. राष्ट्रीय पक्षाच्या मुख्य खात्यात वर्षाला ४१,३००. त्याच पक्षाची आणखी तीन खास खाती असतात: अधिवेशन, मुख्यालयाची इमारत आणि कायदेशीर खर्च. प्रत्येकाची मर्यादा मुख्य खात्याच्या तिप्पट, म्हणजे १,२३,९००. ही तिप्पट २०१४ च्या अखेरीस एका भल्यामोठ्या सरकारी खर्चाच्या विधेयकात हळूच घालण्यात आली होती. इथपर्यंत झाले ४,१९,६००. त्यावर ५० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून ५१ पक्षशाखांना प्रत्येकी १०,०००. एकूण ९,२९,६०० डॉलर, एका माणसाकडून, एका वर्षात, पूर्ण कायदेशीर.

२०१४ पर्यंत एका माणसाने सगळीकडे मिळून किती द्यावं याला एकत्रित मर्यादा होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मॅककचन खटल्यात ती काढली आणि असा बेरजेचा चेक शक्य झाला. राज्यशाखांना मिळालेला पैसा पुढे राष्ट्रीय पक्षाकडे किंवा चुरशीच्या राज्यांकडे सरकवता येतो, त्यामुळे वायोमिंगच्या नावाने दिलेले १०,००० पेनसिल्व्हेनियात खर्च होणं अगदी नेहमीचं आहे.

वाटपाचा क्रम मात्र वाचून घ्यावा, तो बारीक अक्षरात छापलेला असतो. ‘ट्रम्प ४७’ समितीच्या २०२४ च्या क्रमात पहिले ६,६०० प्रचाराला आणि त्यानंतरचे ५,००० ‘सेव्ह अमेरिका’ पॅकला (पॅक म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात) जात. ट्रम्प यांच्या वकिलांची बिलं याच पॅकमधून भागत होती. पक्षाचा नंबर त्यानंतर लागत होता.

पॅक आणि सुपर पॅक यांत फरक काय?

पॅक म्हणजे राजकीय कृती समिती. साधा पॅक एका व्यक्तीकडून वर्षाला ५,००० पर्यंत घेतो आणि उमेदवाराला दर निवडणुकीला ५,००० पर्यंत देतो. सुपर पॅक उमेदवाराला एक डॉलरही देऊ शकत नाही. पण स्वतःच्या नावाने जाहिराती, पत्रकं, घरोघरी प्रचार यांवर हवा तेवढा खर्च करू शकतो, आणि त्यासाठी व्यक्ती, कंपनी, कामगार संघटना कुणाकडूनही हवी तेवढी रक्कम घेऊ शकतो. अट एकच: खर्च ‘स्वतंत्र’ हवा, उमेदवाराशी संगनमत नको.

२०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले, त्यातला मोठा वाटा ‘अमेरिका पॅक’ या सुपर पॅकमधून. टिमोथी मेलन यांनी ‘मागा इन्क.’ला १५ कोटी दिले, मिरियम अॅडेलसन यांनी ‘प्रिझर्व्ह अमेरिका’ला सुमारे १० कोटी. डेमोक्रॅटिक बाजूला ‘फ्यूचर फॉरवर्ड’ हा असाच अवाढव्य सुपर पॅक होता.

‘संगनमत नको’ हा नियम प्रत्यक्षात पाळला जातो का?

कागदावर पाळला जातो. उमेदवार आणि सुपर पॅक फोनवर बोलत नाहीत. ते सगळ्यांदेखत बोलतात.

एक पद्धत ‘रेडबॉक्सिंग’ नावाने ओळखली जाते. प्रचाराच्या वेबसाइटवर एका कोपऱ्यात, बहुधा लाल चौकटीत, काही वाक्यं असतात: अमुक भागातल्या अमुक वयाच्या मतदारांनी अमुक गोष्ट ‘पाहायला हवी’. जाणकार सुपर पॅक हे बरोबर वाचतो. ‘पाहायला हवी’ म्हणजे टीव्ही, ‘वाचायला हवी’ म्हणजे टपालाने पत्रकं, ‘जाता-येता पाहायला हवी’ म्हणजे मोबाइलवरच्या जाहिराती. मजकूर सार्वजनिक असल्यामुळे तो संगनमत ठरत नाही. दुसरी पद्धत: उमेदवार शेतात चालतोय, नातवंडांशी खेळतोय, कामगारांशी हात मिळवतोय, अशी निवेदन नसलेली चकचकीत दृश्यं यूट्यूबवर टाकून ठेवायची. ती कुणाच्या जाहिरातीसाठी आहेत हे सांगायची गरज उरत नाही.

उमेदवार सुपर पॅकच्या मेजवानीला प्रमुख पाहुणा म्हणूनही जाऊ शकतो. फक्त त्याने स्वतःच्या तोंडाने ५,००० पर्यंतच मागायचे. पुढचा आकडा तो दाराबाहेर पडल्यावर दुसरं कुणीतरी सांगतं.

आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या निवडणूक आयोगाने एका सल्ला-मतात (नियमाचा अर्थ विचारल्यावर आयोग देतो त्या लेखी उत्तरात) घरोघरी जाऊन मतदारांशी बोलण्याचं काम संगनमताच्या नियमातून जवळजवळ बाहेरच काढलं. या कामात सुपर पॅक आणि प्रचार यंत्रणा आता उघडपणे हातात हात घालून चालू शकतात. मस्क यांच्या पॅकने चुरशीच्या राज्यांत दारोदार माणसं पाठवली ती या मोकळिकीवर.

असं असेल तर उमेदवार सगळं सुपर पॅकवरच का सोपवत नाहीत?

कारण सुपर पॅकचा डॉलर हलका असतो. प्राथमिक फेरीआधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस टीव्ही केंद्रांना उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीसाठी त्या वेळेचा सर्वांत कमी दर लावावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही. तो बाजारभावाने घेतो, आणि ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातला बाजारभाव काय असतो विचारू नका.

शिवाय प्रचार कार्यालयाचे पगार, उमेदवाराचं विमान, राज्याराज्यांत मतपत्रिकेवर नाव आणण्याची कागदपत्रं हा खर्च प्रचाराच्या मर्यादित खात्यातूनच करावा लागतो. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली तेव्हा त्यांच्या बाजूच्या सुपर पॅककडे भरपूर पैसा होता, पण प्रचाराची तिजोरी रिकामी होत आली होती. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी २०२३ मध्ये घरोघरचा प्रचारसुद्धा ‘नेव्हर बॅक डाउन’ या सुपर पॅकवर टाकला. आयोवातल्या पहिल्या पक्षांतर्गत फेरीत ते दुसरे आले आणि २१ जानेवारी २०२४ ला बाहेर पडले.

डार्क मनी म्हणजे काळा पैसा का?

नाही. भाषांतराने हा गोंधळ मराठीत फार झाला आहे. काळा पैसा म्हणजे कर चुकवलेला, हिशेबाबाहेरचा. डार्क मनी पूर्ण पांढरा असू शकतो. अंधारात असतं ते देणाऱ्याचं नाव.

करकायद्यातल्या ५०१(सी)(४) कलमाखाली ‘समाजकल्याण’ संस्था आणि (सी)(६) खाली व्यापारी संघटना येतात. त्यांना देणगीदारांची नावं लोकांपुढे मांडावी लागत नाहीत. राजकारण हा त्यांचा मुख्य हेतू नसावा एवढीच अट, आणि व्यवहारात तिचा अर्थ ‘निम्म्याहून थोडं कमी’ असा लावला जातो. अशी संस्था स्वतः जाहिरात करते किंवा सुपर पॅकला पैसे देते. दुसऱ्या प्रकारात सुपर पॅकच्या यादीत दाता म्हणून त्या संस्थेचं छानसं नाव दिसतं, त्यामागचा माणूस दिसत नाही. दोन्ही पक्षांच्या बाजूने हे चालतं. जो पक्ष विरोधात असतो तो याविरुद्ध भाषणं करतो.

कंपन्या उमेदवाराला थेट पैसे देऊ शकतात का?

नाही, १९०७ पासून नाही. १८९६ मध्ये प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांच्यासाठी बँकांकडून भांडवलाच्या प्रमाणात, कर गोळा करावा तशी वर्गणी घेतली होती आणि एकट्या स्टँडर्ड ऑइलने २.५ लाख डॉलर दिले होते. त्या काळातल्या अशा वसुलीवरच्या संतापातून पुढे १९०७ चा टिलमन कायदा, म्हणजे ही बंदी, आला. कामगार संघटनांवर १९४७ मध्ये तशीच कायमची बंदी आली. केंद्र सरकारचे कंत्राटदार तर सुपर पॅकलाही देऊ शकत नाहीत.

कंपनी स्वतःचा पॅक चालवू शकते, पण त्यात कंपनीचा पैसा जात नाही. अधिकारी आणि भागधारक स्वेच्छेने देतात तो जातो. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने ही बंदी उठवली असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. त्या निकालाने कंपनीला स्वतंत्र खर्चाची मुभा दिली.

न्यायालयाने हे सगळं का चालू दिलं?

१९७२ च्या निक्सन यांच्या प्रचारात सुटकेसांतून रोकड फिरली आणि कंपन्यांनी बेकायदा देणग्या दिल्या. वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) देणगी आणि खर्च दोन्हींवर मर्यादा घातल्या. जानेवारी १९७६ मध्ये बकली विरुद्ध वॅलियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली एकच ठेवली. तर्क असा: उमेदवाराच्या हातात पैसा देण्यात ‘तू मला, मी तुला’ असा भ्रष्टाचार होऊ शकतो, म्हणून देणगीवर मर्यादा चालेल. पण आपलं मत लोकांपर्यंत पोचवायला पैसा लागतोच, म्हणून खर्चावर मर्यादा म्हणजे बोलण्यावर मर्यादा. २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी हा तर्क कंपन्या आणि संघटनांच्या स्वतंत्र खर्चाला लावला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये खालच्या न्यायालयाच्या ‘स्पीचनाऊ’ निकालाने पुढचं पाऊल टाकलं: खर्च स्वतंत्र असेल तर त्यासाठी घेतलेल्या देणगीलाही मर्यादा नको. सुपर पॅकचा जन्म खरं तर या दुसऱ्या निकालातून झाला.

या मांडणीचा कच्चा दुवा एकच आहे. खर्च ‘स्वतंत्र’ असला की उमेदवार उपकृत होत नाही, असं ती गृहीत धरते. १५ कोटी कुणी खर्च केले हे ज्या उमेदवाराला माहीत नाही, असा उमेदवार अजून कुणी पाहिलेला नाही.

सरकारी निधीची सोय होती ना?

अजूनही आहे, पण मोठे उमेदवार तिकडे फिरकत नाहीत. कराच्या अर्जावर ३ डॉलर या निधीला वळवण्याचा चौकोन असतो. तो भरल्याने तुमचा कर वाढत नाही आणि परतावाही कमी होत नाही. प्राथमिक फेरीत २० राज्यांतून प्रत्येकी ५,००० डॉलर लहान देणग्यांतून जमवले, तर प्रत्येक देणगीच्या पहिल्या २५० डॉलरएवढी रक्कम सरकार देतं. मुख्य निवडणुकीत ठोक अनुदान मिळतं, मात्र मग तेवढ्यातच भागवावं लागतं. १९७६ पासून २००४ पर्यंत दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार मुख्य निवडणुकीत हे अनुदान घेत. २००८ मध्ये ओबामांनी ते नाकारलं, मॅकेन यांनी ८.४१ कोटी घेतले, आणि ओबामांनी त्या निवडणुकीसाठी एकूण ७० कोटींच्या वर जमवले. त्यानंतर हा रस्ता संपला.

ऑनलाइन छोट्या देणग्यांनी हे चित्र बदललं नाही का?

बरंच बदललं. ऑनलाइन देणग्या गोळा करायला डेमोक्रॅट्सकडे २००४ पासून ‘अॅक्टब्लू’ आणि रिपब्लिकनांकडे २०१९ पासून ‘विनरेड’ आहे. २५ डॉलर देणारे लाखो लोक आता मोठी ताकद आहेत. पण इथेच सामान्य माणूस सर्वांत जास्त फसतो, म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात.

आधीच खूण केलेला चौकोन. २०२० मध्ये ट्रम्प प्रचाराच्या पानांवर ‘दर महिन्याला’, नंतर ‘दर आठवड्याला’ असा चौकोन आधीच भरलेला असे. एकदाच द्यायचे म्हणून दिलेले पैसे पुन्हा पुन्हा कापले गेले आणि १२ कोटींहून जास्त डॉलर परत करावे लागले. ‘द्या’ दाबण्याआधी पूर्ण पान खालपर्यंत वाचा.

‘तुमची देणगी पाचपट होईल’. कायद्याने एक माणूस ३,३०० च्या वर देऊ शकत नाही, मग तुमच्या २५ मागे १०० घालणारा हा दानशूर कोण? बहुतेकदा कुणीच नसतो.

नावापुरते पॅक. पोलीस, माजी सैनिक किंवा एखाद्या लोकप्रिय नेत्याच्या नावाने पैसे मागायचे आणि ते फोन करणाऱ्या कंपन्यांच्या बिलांत संपवायचे. अशा पॅकच्या नोंदीत चालवण्याचा खर्च प्रचंड आणि उमेदवारांवरचा खर्च नगण्य दिसतो. पाच मिनिटांत तपासता येतं (शेवटचा प्रश्न पाहा).

आम्ही एच-१बी वर आहोत. देणगी देऊ शकतो का?

नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, व्हिजिटर, कुणीच नाही. केंद्रात नाही, राज्यात नाही, गावच्या निवडणुकीतही नाही. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, मतदान मात्र करू शकत नाहीत. बायको नागरिक आणि नवरा एच-१बी वर असेल, तर बायकोने स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या नावाने द्यावं. पुण्याहून आलेले सासरे ‘माझ्याकडून पण शंभर घाल’ म्हणाले, तर ते शंभर घालू नयेत. बिनपगारी स्वयंसेवा, म्हणजे फोन करणं, पत्रकं वाटणं, सगळ्यांना चालते.

मर्यादा संपली म्हणून मित्रांच्या नावाने दिलं तर?

ते सरळ फौजदारी प्रकरण आहे. मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ च्या सिनेट निवडणुकीत इतरांच्या नावाने २०,००० डॉलर दिले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना पाच वर्षांची प्रोबेशन झाली. २०१८ मध्ये अध्यक्षांची माफी मिळाली. ऑफिसात किंवा मंडळात कुणी ‘तू दे, मी तुला नंतर परत करतो’ म्हणालं, तर गुन्हा दोघांचाही होतो.

शेवटी, पैशाने अध्यक्षपद विकत घेता येतं का?

मतदानाच्या दिवशी नाही. मायकल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर घातले आणि जिंकली ती अमेरिकन सामोआ बेटं. जेब बुश यांच्या सुपर पॅकने २०१६ साठी १० कोटींच्या वर जमवले, हाती आले पक्षाचा उमेदवार ठरवणारे फक्त ४ प्रतिनिधी. रॉस पेरो यांनी १९९२ मध्ये ६ कोटींच्या वर स्वतःचे घालून १९ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवली, निर्वाचक मत (राज्यांची ती मतं, ज्यांच्यावर अध्यक्ष ठरतो) शून्य. २०२४ मध्ये हॅरिस यांच्या प्रचार समितीने ट्रम्प यांच्या समितीच्या दुपटीहून जास्त जमवले आणि त्या हरल्या. (बेळगावचे श्री ठाणेदार यांनाही २०१८ मध्ये हेच कळलं. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे सुमारे १ कोटी डॉलर घालून ते पक्षांतर्गत फेरीत तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये ते काँग्रेसवर निवडून गेले.)

दोन्हीकडे अमाप पैसा असला की पुढच्या जाहिरातीचा परिणाम घटत जातो. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात देणगीचे ईमेल रोज येतात पण जाहिराती फारशा दिसत नाहीत, कारण सगळा मारा सात चुरशीच्या राज्यांवर असतो. तिथला मतदार शेवटी टीव्हीच बंद करतो.

पैसा चालतो तो आधी आणि नंतर. आधी म्हणजे पहिलं मत पडण्यापूर्वीच्या वर्षात: कोण टिकणार, कुणाकडे कर्मचारी राहणार, कुणाला देणगीदार ‘नाही’ म्हणणार. त्या चाळणीतून गळालेली नावं मतदाराला कधी कळतच नाहीत. नंतर म्हणजे निकालानंतर, आणि तो भाग पुढच्या प्रश्नात.

हितसंबंधी गटांना त्यातून मिळतं तरी काय?

बहुतेक वेळा ठरलेला सौदा नसतो. मिळतं ते दार उघडं. फोन घेतला जातो, नियमाचा मसुदा कुणाला आधी दाखवायचा हे ठरतं, कुठला प्रश्न मागे ठेवायचा हे ठरतं. म्हणूनच अनेक कंपन्यांचे पॅक दोन्ही पक्षांना देतात. लॉबिंगवर वर्षाला ४ अब्ज डॉलरहून जास्त नोंदवलेला खर्च होतो. निवडणुकीतली देणगी त्या बोलण्याची सुरुवात करून देते.

काही गोष्टी मात्र डोळ्यांना दिसतात. देणग्या गोळा करून आणणाऱ्यांना जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या प्रचारात पदव्याच होत्या: २००० मध्ये एक लाख आणणारा ‘पायोनियर’, २००४ मध्ये दोन लाख आणणारा ‘रेंजर’. राजदूतांपैकी साधारण ३० टक्के राजकीय नेमणुका असत आल्या आहेत आणि पश्चिम युरोपातल्या सुखाच्या राजधान्या त्यांच्याकडे जातात. १९८० चा परराष्ट्र सेवा कायदा म्हणतो की प्रचाराला दिलेली देणगी हा नेमणुकीत विचारात घेण्याचा मुद्दा असू नये. कायदा अजून लागू आहे.

आणि शपथविधीची समिती. तिथे देणगीला मर्यादाच नाही आणि कंपन्याही देऊ शकतात. २०१७ मध्ये सुमारे १०.७ कोटी जमले, २०२५ मध्ये सुमारे २४ कोटी. जो आधी दुसऱ्या घोड्यावर होता, त्याला पंगतीत परत बसण्याची ही शेवटची संधी असते.

निवडणूक आयोग काय करतो?

भारताच्या आयोगाचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. फेडरल इलेक्शन कमिशन मतदान घेत नाही, फक्त पैशाचा हिशेब पाहतं. सहा सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कोणत्याही कारवाईला चार मतं लागतात. ३-३ झालं की तक्रार बंद. सदस्यच चारपेक्षा कमी उरले तर दंड, नवी चौकशी, सल्ला-मत काहीच होत नाही. २०२० च्या प्राथमिक फेरीच्या ऐन काळात आणि पुन्हा मे २०२५ पासून हेच झालं. कारवाई होते तेव्हाही उशीर होतो: क्लिंटन प्रचार आणि डेमोक्रॅटिक पक्षाने २०१६ मध्ये एका संशोधनाचा खर्च वकिलांच्या फीखाली दाखवला, त्याचा ८,००० आणि १,०५,००० डॉलरचा दंड २०२२ मध्ये झाला.

कुणी कुणाला किती दिले हे मी स्वतः कसं पाहू?

आयोगाच्या वेबसाइटवर, फुकट, खातं न काढता. व्यक्तीच्या देणग्यांच्या विभागात जा, नाव किंवा नोकरी देणारी कंपनी टाका, दोन वर्षांचं चक्र निवडा. एका नावाची अनेक माणसं असतात, म्हणून गाव आणि व्यवसाय जुळवून पाहा. संयुक्त समितीला दिलेली रक्कम पुढे वाटली गेली की पुन्हा दिसते. ती दोनदा मोजू नका. सुपर पॅकसाठी ‘स्वतंत्र खर्च’ विभाग पाहा: निवडणुकीच्या २० दिवस आधीपर्यंत १०,००० च्या वरचा खर्च ४८ तासांत, आणि शेवटच्या २० दिवसांत १,००० च्या वरचा २४ तासांत नोंदवावा लागतो.

एक भोक मात्र लक्षात ठेवा. खर्च लगेच दिसतो, देणारा दिसत नाही. २०२४ मध्ये निवडणुकीपूर्वीचा शेवटचा हिशेब १६ ऑक्टोबरपर्यंतचा होता. त्यानंतर सुपर पॅकला आलेला पैसा ५ डिसेंबरच्या अहवालात दाखवायचा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘आरबीजी पॅक’ नावाचा नवा सुपर पॅक उगवला आणि गर्भपाताच्या मुद्द्यावर ट्रम्प यांची बाजू मांडणाऱ्या जाहिराती करू लागला. ५ नोव्हेंबरला मतदान झालं. त्याचे २ कोटी ५ लाख डॉलर सगळेच्या सगळे मस्क यांच्या ट्रस्टकडून आले होते, हे ५ डिसेंबरला कळलं.